विमानातून धाडलेली एसटी

"फुकटात जातं तेवढंच बोलायचं," हे शंकररावांचं नेहमीचं म्हणणं.

हिंगणघाटच्या एसटी आगारात त्यांनी मेकॅनिक म्हणून जन्म काढला. रिटायर झाल्यावर थंडीचे महिने अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला, मुलाकडे, अनुपकडे यायचे. त्याच्या फोनच्या फॅमिली प्लॅनमध्ये त्यांनी काही नाव घातलं नाही. आपल्या पेन्शनमधून साधं प्रीपेड कार्ड घेतलं. घराबाहेर पडलं की त्यावर इंटरनेटला पैसे पडायचे, पण मेसेजचं ॲप फुकट होतं.

"बाबा, फिरायला जाता तर मॅप तरी लावा. हरवाल," अनुप म्हणायचा.

"हरवलो तर मेसेज टाकीन. तो फुकट आहे."

तळ्याकाठच्या बाकावर बसून ते रोज गावी बायकोला, रत्नाबाईंना आवाज भरून पाठवायचे. रत्नाबाईंना वाचता येत नाही आणि इथली थंडी सोसत नाही. "जय भीम, रत्ना," अशी सुरुवात व्हायची. मग नातीचा नवा दात, गोठलेलं पाणी, सुनेच्या हातची भाकरी, सगळं सावकाश, ओवी लावल्यासारखं. आम्ही शेजारचे तिथून जाताना पावलं हळू टाकायचो.

यंदा रत्नाबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. शंकरराव आदल्या दिवशी पोचणार होते, पण बर्फामुळे जवळच्या कोलंबसहून सुटणारं विमान कॅन्सल झालं. आता ऑपरेशनच्या वेळी ते विमानात, समुद्रावर असणार होते. निघताना त्यांनी बायकोला शब्द दिला, "आत जायच्या आधी माझा आवाज येईल."

नेवार्कहून सुटलेल्या विमानात शेजारी चारुता होती. डब्लिनचीच, माझ्या ओळखीची. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं. जेवणाचे ट्रे गेल्यावर शंकररावांनी फोन तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलले. मग हात मांडीवर ठेवून समाधानानं बसले. विमानात मेसेज फुकट आहेत, हे त्यांनी समोरच्या पडद्यावर पाहिलं होतं.

थोड्या वेळानं दवाखान्यात रत्नाबाईंसोबत असलेल्या भाच्याचा, ईशानचा मेसेज आला. "मामा, मामी आत जायला तयार नाही. डॉक्टर दोनदा बोलावून गेले. तुमचा आवाज कुठं आहे?"

त्यांनी पाहिलं, तर त्यांच्या बोलण्यापुढं मेसेज न गेल्याचं छोटं घड्याळ तसंच अडकलेलं.

"काका, इथलं फुकट वेगळं," चारुता म्हणाली. "फक्त टेक्स्ट जातं. व्हॉइस नाही, फोटो नाही. थांबा, मी पूर्ण वायफाय घेते."

तिनं कार्ड टाकून पाहिलं, पण पैसे भरायचं पानच उघडेना.

"मग लिहा ना. ईशान वाचून दाखवेल."

शंकररावांनी दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, "मामी म्हणते, पोरा, हे तू मनचं सांगतोस."

चारुता म्हणते, त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग त्यांनी कीबोर्डवरची चित्रं उघडली.

"ही अक्षरांत मोजतात का, गं?"

"हो, ही जातील."

त्यांनी बोट सरकवत सरकवत एक बस शोधली आणि तेवढीच पाठवली. एकटं चित्र असलं की ते पडद्यावर मोठं दिसतं. रत्नाबाईंच्या धूसर डोळ्यांना तेवढंच दिसणार होतं.

"बस का, काका?"

"लग्न झालं तेव्हा एसटीत चढायला घाबरायची ती. मी खिडकीखाली उभा राहून सांगायचो, बस निवांत, गाडी माझ्या हातची आहे."

बराच वेळ काहीच आलं नाही. ते फोन उलटा करायचे, पुन्हा सुलटा करायचे. मग ईशानचा मेसेज आला. "मामीनं फोन नाकाला लावून पाहिला. म्हणाली, हो, तेच आहेत. हसत आत गेली."

शंकररावांनी उपरण्यानं चष्मा पुसला. "विमानवाल्यांनाही कळलं नाही, काय नेलं ते," एवढंच म्हणाले.

मुंबईला उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर रत्नाबाईंचा आवाज आला. डोळ्याला पट्टी आहे, दुखत नाही, पट्टी काढतील तेव्हा समोर तुम्ही पाहिजे. शंकररावांनी तो तिथंच उभ्या उभ्या दोनदा ऐकला. नागपूरच्या विमानाला वेळ होता, तरी त्यांनी घाईनं पिशवी खांद्याला लावली.

"येतो, पोरी," ते म्हणाले आणि फोन पुन्हा कानाला लावून गर्दीतून चालू लागले. सामानाच्या पट्ट्यावरून चारुताची बॅग समोरून निघून गेली, तरी ती त्यांच्याकडेच बघत उभी होती.