बाबांचं धोतर आणि फायर ब्रिगेडची बोट

गेल्या शनिवारी आमच्या गल्लीत बोट आली... आणि आम्हाला न घेताच परत गेली. एकदा नाही, दोनदा.

आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या एका खेड्यात राहतो. चहूकडे श्पार्गेलची, म्हणजे पांढऱ्या शतावरीची शेतं. आठवडाभर पाऊस कोसळतच होता, त्यात शुक्रवारी संध्याकाळी टोर्नाडो आला. शेजारचे शेतकरी हेर, म्हणजे मिस्टर, वेबर यांच्या शेडचं छप्पर उडून रस्त्यापलीकडे पडलं... वीज गेली, मोबाइलचं नेटवर्कही गेलं.

सकाळी बघते तर ओढ्याचं पाणी खालच्या मजल्यावर गुडघाभर. नवरा ऑफिसच्या कामाने कोलोनला. घरात मी आणि सांगलीहून आलेले माझे सासरे. बाबांना शुगर आहे आणि इन्सुलिन सकाळच्या डोसपुरतंच उरलेलं. नवीन मी त्याच दिवशी आणणार होते.

बाबा मात्र निवांत. गार पाण्याने आंघोळ केली, धोतर हाताने धुतलं आणि रोजच्यासारखं पुढच्या बाल्कनीत वाळत घातलं. "अहो बाबा, पूर आलाय," मी म्हटलं. "मग काय पारोसा बसू?" म्हणाले. मी हात टेकले.

थोड्या वेळाने फायर ब्रिगेडची बोट कोपऱ्यापर्यंत आली, आतल्या लोकांनी आमच्या घराकडे बघितलं आणि बोट वळवली. मी घसा फुटेस्तोवर ओरडले, पण इंजिनच्या आवाजात कोण ऐकतंय... दुपारी पुन्हा तेच. बाबा तोवर सारखं पाणी मागत होते, मग नुसते पडूनच राहिले. आता मात्र माझी पाचावर धारण बसली.

तिसऱ्यांदा बोट थेट दाराशी आली. पुढे नखशिखान्त भिजलेले हेर वेबर. दोन वर्षांत हा माणूस माझ्याशी 'मॉर्गन'च्या, म्हणजे 'गुड मॉर्निंग'च्या पुढे बोलला असेल तर एकदाच... रविवारी कपडे वाळत घालायचे नसतात, एवढं सांगायला.

बोटीत बसल्यावर उलगडा झाला. शुक्रवारी नेटवर्क जाण्याआधीच ब्रिगेडने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं की घर सोडून जाणाऱ्यांनी पुढे पांढरं कापड लावावं, म्हणजे रिकाम्या घरांत वेळ जाणार नाही. कचऱ्याच्या डब्यांवरून होणाऱ्या भांडणांना कंटाळून मी तो ग्रुप म्युट केलेला. आणि आमच्या बाल्कनीत अख्खं धोतर फडकत होतं...

"ते रोजच असतं तिथे, माणसं आत आहेत," असं वेबर सांगत राहिले. कोणी ऐकेना तेव्हा स्वतःच बोटीत चढले.

पूरग्रस्तांना शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामाच्या हॉलमध्ये, ठेवलं होतं. तिथे डॉक्टर होत्या, इन्सुलिन मिळालं. तासाभराने बाबा उठून बसले आणि मला जरा रडू आलं.

समोर वेबर ब्लँकेट पांघरून बसले होते. बाबांनी मला विचारायला लावलं, शेत किती गेलं?

"आलेस," ते म्हणाले. सगळं.

बाबांना जर्मन येत नाही, पण मला भाषांतर करावं लागलं नाही. सांगलीत त्यांनी स्वतःचा उभा ऊस पाण्याखाली बघितलाय. ते उठून वेबरांच्या शेजारी जाऊन बसले... बराच वेळ.

ज्याचं सगळं पाण्यात होतं, तो माणूस आमच्यासाठी बोटीत चढला. हे मी विसरणार नाही. या शनिवारी आम्ही त्यांच्या शेतातलं, श्पार्गेलच्या वाफ्यांवरचं फाटलेलं प्लास्टिक गोळा करायला जातोय. जवळपास असाल तर या, गमबूट घालून.