दुखतं का, हे विचारलं कोणाला?

एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "मनगटाला फ्रॅक्चर आहे." म्हणजे हाड मोडलं होतं. हात माझा, मी समोरच बसलेली. पण सांगितलं त्यांनी माझ्या सासऱ्यांना.

मूर्तिजापूरहून येताना आमची बैलबंडी कलंडली आणि मी उजव्या हातावर पडले. म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात आलो होतो. डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. ओल्या चुन्यासारखा लेप, वाळला की दगड.

"त्रास आहे का?" त्यांनी विचारलं.

"लय सोशिक हाय आमची सून," सोबत आलेल्या सासूबाई बोलल्या. "हूं की चूं नाई करत."

डॉक्टर कौतुकाने हसले. मी पदर पुढे ओढला. लग्न झाल्यापासून मामंजींसमोर मी तोंड उघडलं नव्हतं. तशीच रीत होती.

घरी आल्यावर प्लास्टरच्या आत ठणका लागला. बोटं सुजून जांभळी पडली, सरळ करायला गेलं की जीव कासावीस होई. सासूबाईंना सांगितलं.

"हाड मोडल्यावर दुखनच ना वं! का गुदगुल्या होतीन?"

पुढे ठणका कमी झाला. घरच्यांना हायसं वाटलं. मला मात्र धडकी भरली, कारण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोचलं तरी कळेना. याच हाताने मी कापूस वेचत होते, भाकरी थापत होते. हात गेला तर मी कोण उरणार होते त्या घरात?

नवऱ्याच्या मागे लागून पुन्हा दवाखाना गाठला. मामंजीही आले.

"बोटं हलतात?" डॉक्टरांनी मामंजींनाच विचारलं.

"हालतात ना."

माझी बोटं पदराखाली होती. मामंजींनी ती पाहिलीसुद्धा नव्हती!

मी हात काढून टेबलावर ठेवला. "नाई हालत," मी म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच प्लास्टर उभं कापलं. "आधी का नाही बोललात, बाई?" ते माझ्यावरच ओरडले.

विचारलं कोणी होतं? आजही ते आठवलं की अंगाची लाही होते.

मग त्यांनी समजावलं, या वेळी मला. आत सूज येते, कडक प्लास्टर ढिलं होत नाही, रक्त अडतं. मांस आणि नर्व्ह, म्हणजे स्पर्श नि वेदना कळवणारी शीर, उपाशी मरतात. हाड लवकर जुळतं, शीर फार सावकाश सुधारते. ठणका ही आतून आलेली हाक होती. ती थांबली, हेच वाईट झालं होतं.

पुढे कित्येक महिने कोमट पाण्यात बोटं वाकवली. मुंग्या आल्या, मग जळजळ सुरू झाली. दुखायला लागलं तेव्हा मी आनंदाने रडले. करंगळी मात्र वाकडीच राहिली. प्लास्टर कापल्याबद्दल मी डॉक्टरांचे उपकार मानते. 'आधी का नाही बोललात' या प्रश्नाची माफी मात्र नाही.

मागच्या हिवाळ्यात धाकट्या जावेचा पाय उकळत्या पाण्याने भाजला. तोच दवाखाना, डॉक्टर नवे.

"दुखतं का?" त्यांनी मामंजींकडे पाहिलं.

"सोशिक हाय थे," मामंजी म्हणाले.

मी वाकड्या करंगळीचा हात मध्ये धरला. "डॉक्टरसाहेब, पाय तिचा हाय. तिले इचारा."

जावेने पदर मागे सारला.

"लय दुखते," ती म्हणाली, आणि कुठे कुठे ते बोटाने दाखवू लागली.