घंगाळातला गणपती

मंडळी, आज दुपारचा प्रकार मनातून जात नाही, म्हणून हे लिहून आपल्या मंडळाच्या फळ्यावर लावतो आहे.

दिवाळीनंतर आपण सर्वांनी मिळून मंडळाचा पितळी गणपती पाण्यात ठेवला. इकडे चंदीगडला पाऊस नव्हता, तिकडे महाराष्ट्रात आपल्या गावांत तर दुष्काळच. पाऊस पडेपर्यंत देव बाहेर काढायचा नाही, असं ठरलं. घंगाळ आमच्या घरी होतं. रोज पूजेच्या वेळी मी त्यातलं पाणी बदलायचो आणि जुनं तुळशीला घालायचो.

आज जेवायला घरी आलो, तर गणपती पुसून पाटावर बसवलेला आणि आपले चिटणीस कुलकर्णी जमलेल्या मंडळींना पेढे वाटताहेत.

"जाधव, महिनाभर पाऊस झाला! गहू तरारलाय, नळाला दोन्ही वेळ पाणी येतंय. आता देवाला सर्दी व्हायची!"

सगळे हसले. माझी मुलगीही म्हणाली, "बाबा, बारिश तो हो गई ना!"

चंदीगडच्या आसपासचा गहू वाचला, याचा मलाही आनंद आहे. पण माझा थोरला भाऊ माणदेशात आजही दुष्काळी कामावर खडी फोडतो आहे. तिकडे थंडीत पाऊस येत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांची गावं तिकडचीच. एकालाही आठवू नये?

पेढा मी खाल्ला नाही. घंगाळातलं पाणीही अजून ओतलेलं नाही. देव परत आत ठेवायचा की नाही, ते रविवारी आरतीला आलात की माझ्या तोंडावर सांगा.