फ्लेक्सची छापील बाजू

ऊन खाल्लेल्या फ्लेक्सचा वास आला की मला मोहाडीतलं मित्राचं अंगण आठवतं. सायकलींवर नागझिऱ्याला जायचं म्हणून आम्ही श्रद्धांजलीच्या जुन्या फ्लेक्समधून कॅरिअरच्या पिशव्या शिवत होतो. दाभण थांबवून तो म्हणाला, “फोटो आतमंदी घे बे, बिचाऱ्याचं तोंड भिजन.” आम्ही खूप हसलो. त्याच वाटेवर त्याला ट्रकने उडवलं. चौकात त्याचा फ्लेक्स लागला. पुढे कापणीत अवकाळी पाऊस आला, तेव्हा त्याची आई तोच फ्लेक्स कापलेल्या धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्यावर उलटा पसरत होती. मी दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, “फोटो आतमंदी घे बाबू. तोंड भिजन ना त्याचं.” माझी पिशवी अजून सायकलला आहे. तिच्या आतला चेहरा कोणाचा, हे आम्ही वाचलंही नव्हतं.