म्हशीची वार

इथे रावेतला शेजारणीने काल खरवस आणून दिला, आणि त्या वासाबरोबर पिंपळे गुरवचा आमचा पत्र्याचा गोठा आठवला बघा. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या, तरी आमच्या ह्यांनी एक म्हैस ठेवलीच होती. ती व्याली, मागोमाग वार पडली, त्या सकाळी विद्यापीठात शिकणारी आमची भाची बर्फाचा डबा घेऊन आली न् म्हणाली, "मामा, वारेचा एक तुकडा द्या, अभ्यासाला ताजाच लागतो." आमच्यात वार अख्खी वडाला बांधतात, नाहीतर दूध आटतं म्हणतात. हे म्हणाले, "वार काय कापायची वस्तू हाय व्हय?" मग तिने पालथ्या पाटीवर बसून समजावलं, की कोट्यवधी वर्षांपूर्वी विषाणू जनावरांच्या अंगात शिरले, त्यांचे अंश स्वतःच्या नकला काढत, जागा बदलत पिढ्यान्‌पिढ्या आतच राहिले, बरेचसे नुसते पडून आहेत, पण एखादा वार घडवायच्या कामाला लागला, म्हशीत एक, माणसात दुसराच. "म्हंजी आलता आजार म्हणून, आन राह्यला घरचा होऊन," हे म्हणाले, आणि विळा धुऊन त्यांनीच तुकडा कापून दिला. त्या वेताला दूध कमीच निघालं, कशामुळे कोण जाणे. भाचीने फोनवर विचारलं तर हे म्हणाले, "दूध? भरपूर हाय की," आणि रतिबाची दोन घरं गुपचूप बंद केली. आता हे नाहीत. भाची कॉलेजात शिकवते, आली की म्हणते, "मामी, बघितलंस ना, काही होत नाही त्याने." मी मान डोलवते.