एकीसाठी एकसष्ट आकृत्या

माझी ताई अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात आहे. मजकुराचे ठिपके यंत्र उठवतं, आकृत्या मात्र ताईच्या हातच्या. जाड कागदावर डिंकाने दोरा चिकटवायचा आणि डोळे मिटून बोटाने तपासायचं. बोट अडखळलं की दोरा उपटून पुन्हा पहिल्यापासून.

मी तिचा धाकटा भाऊ. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो, छापखान्याच्या समितीवरही आहे. जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल तेच योग्य, हे वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. ताई दर रविवारी चर्चला जाते. मी जायचं सोडल्यापासून ती मला 'मास्तर' म्हणते, आणि ते कौतुकाने नक्कीच नाही.

त्या वर्षी दोन कामं एकदम आली. अंधशाळेतल्या चाळीस मुलांसाठी चित्रांचं गोष्टीचं पुस्तक, आणि कॉलेजातल्या एकाच मुलीसाठी भूमितीचं. त्यात आकृत्या एकसष्ट. पुस्तक वेळेत मिळालं नाही तर तिला गणित सोडावं लागणार होतं. आकृत्या करणारी ताई एकटी, तेव्हा आधी कुठलं काम घ्यायचं यावर समितीत दोन मतं इकडे, दोन तिकडे. पाचवं माझं.

"चाळीस विरुद्ध एक, ताई. यात विचार काय करायचा?"

"मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून हरवलेल्या एका मेंढराला शोधायला गेला. लहानपणी चर्चमध्ये एकाच बाकावर बसून ऐकलंय आपण."

"आणि मागे लांडगा आला असता तर?"

ताई हसली. "म्हणून तर दर शनिवारी मी त्या चाळीस जणांना गोष्टी वाचून दाखवणार आहे. शाळेला कळवलंय. आकृती अशी वाचून दाखवता येत नाही रे."

मला हुरूप आला. "मग समितीला असं सांगू, ही मुलगी उद्या शिक्षिका होईल, शेकडो मुलांना शिकवेल. गणित जुळतंय!"

ताई भडकलीच. "आणि नाही झाली तर? पुस्तक परत घेशील? तिला शिकायचंय म्हणून द्यायचं, मास्तर. मेंढपाळाने लोकर तोलून पाहिली नव्हती."

मी निरुत्तर झालो असं ती सगळ्यांना सांगते. साफ खोटं. चाळीस मुलांचं ताटकळणं खरं होतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तरी सभेत मी मुलीच्या बाजूने हात वर केला. अध्यक्षांनी कारण विचारलं. शिक्षिकेची गोष्ट अगदी ओठांवर आली होती, ती गिळली.

"तिला पुस्तक हवंय म्हणून," म्हणालो. इतकं कच्चं कारण मी विद्यार्थ्याचंही चालवून घेत नाही. पण मला फार बरं वाटलं.

एकसष्ट आकृत्या वेळेत झाल्या. मुलगी नापास झाली.

तोंड पाडून मी छापखान्यात गेलो. ताई गोष्टीच्या पुस्तकातल्या हत्तीची सोंड चिकटवत होती. बातमी ऐकून तिचे हात थांबले. तिला वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलंच.

"कुठे अडली?"

"वर्तुळांत, म्हणे."

"हत्ती झाला की तिला बोलाव," ताई म्हणाली. "वर्तुळं पुन्हा करू. या वेळी तिच्या बोटाने तपासू."