काशीबाईच्या जागी प्रश्नचिन्हं

कॉलेजने माझ्या मेलेल्या आयचं नाव प्रश्नचिन्हांत छापलं.

सात प्रश्नचिन्हं. मग जागा. मग अजून पाच.

ती माझी आय. काशीबाई नाखवा, उरणची धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणायची. ती आल्याशिवाय हळद लागत नव्हती.

आज लिमये सरांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या कॉलेजने काल कार्यक्रम केला, सरांच्या यादीचं पुस्तक काढलं.

समई, शाली, फुलं, समोसे, सगळं होतं. पुस्तक हातात धरून झाडून सगळ्यांनी फोटो काढले.

उघडलं कुणी नाही.

मी उघडलं. इंग्रजी नावं ठणठणीत. मराठी सगळी ?????. पानंच्या पानं तशीच. शिसारी आली मला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पनवेलला सरांकडे मी बारा वर्षं स्वयंपाक केला. रिटायर झाल्यावर सरांनी एकच काम धरलं होतं. आमच्या खाडीकाठच्या लोकांवर कुणी काय लिहिलं, कुठल्या बाईने कुठलं गाणं सांगितलं, त्याची यादी. कॉम्प्युटरवर त्याचं वेगळं सॉफ्टवेअर होतं, नुसत्या याद्या ठेवायचं.

माझं शिक्षण चौथी. अजून अक्षराला अक्षर लावून वाचते.

सरांना तेच हवं होतं. यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली की ती कागदावर छापायचे आणि हाक मारायचे, "कुंदा, गॅस बारीक कर. ये, वाच."

"सर, तुमी एवढे शिकलेले. मला कशाला बसवता?"

"मी अर्धं बघतो आणि उरलेलं मनाने भरतो. तुला मनाने भरता येत नाही."

"म्हणजे मी अडाणी."

"म्हणजे तू फसत नाहीस. वाच, चहा मी टाकतो."

चहा भिकार करायचे. पण करायचे.

एकदा सांगितलं, फाइलीत अक्षरं नसतातच, नुसते आकडे असतात. कुठल्या तक्त्याने वाचायचे ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

मी म्हटलं, "मंग आमच्या मासळीच्या पाट्यांसारखं हाय. धक्क्यावर परत्येकीच्या पाटीला तिची चिंधी. ज्याला चिंध्या ठाव, तोच सांगनार कोनची पाटी कोनाची. दुसऱ्याला नुसत्या चिंध्या."

सर असे खूश झाले! घरी प्रोफेसर लोक आले की त्यांना हेच सांगायचे. माझं नाव घेऊन.

आणि माझ्याकडून एक गोष्ट घोटून घेतली होती. मराठीच्या जागी इंग्रजी ए वर तिरक्या काड्या असला कचरा दिसला तर घाबरायचं नाही. तक्ता चुकलाय. यूटीएफ-आठ नावाचा तक्ता निवडायचा, परत उघडायचं.

पण प्रश्नचिन्ह दिसलं तर हात मागे. सेव्ह करायचं नाही. सेव्ह केलं की खालचा आकडा पण मेला, तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह बसतं.

हे मला कळतं. चौथी पास बाईला.

काल कॉलेजच्या मॅडमना गाठलं. पुस्तक त्यांनीच केलं.

"मॅडम, छापायच्या आधी हे कुनी वाचलं का?"

"मावशी, एन्कोडिंगचा इश्यू झाला. टेक्निकल असतं ते."

"ठाव हाय मला. सरांची जुनी फाइल काढा, यूटीएफ-आठ लावून बघू."

"त्याच फाइलवर सेव्ह झालं ना. आणि सरांचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून ऑफिसला दिला."

"मंग प्रश्नचिन्हं दिसली नाय तुमाला?"

"एंट्रीज मोजल्या होत्या आम्ही. टोटल बरोबर आली."

ताटं मोजली, आणि म्हणे जेवण झालं.

एवढ्या डिग्र्या भिंतीवर. एका पानावर बोट ठेवून वाचायला एक माणूस नाही. थू.

आता माझं पण लिहिते. दुसऱ्यांनाच शिव्या का?

मी वाचलेले कागद सर ठेवायचे. प्रत्येक ओळीला पेन्सिलची माझी टिक. सर गेल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "मावशी, ही रद्दी घेऊन जा." मी आणली. निम्मी पेटीत ठेवली. निम्मी बहिणीला दिली, ती बाजारात सुकट विकते, पुड्या बांधायला लागतात.

वाटलं, फाइल कॉलेजकडे आहे. कागद काय करायचे?

आज सकाळी पेटी उघडली. एक एक पान बघितलं.

आयचं पान नाही.

ते सुकटीभोवती गेलं. मी दिलं. ह्या हाताने.

माझी लेक तळोज्याला कंपनीत आहे. आज रजा टाकून बसलीय लॅपटॉप घेऊन. उरलेली पानं टाइप करायची असं ठरलंय. पुडीत गेली ती गेली.

तिने विचारलं, "आई, आजीची नोंद कशी होती?"

इतक्या वेळा वाचायला लावली होती सरांनी. डोळे मिटले आणि सांगितली. काशीबाई नाखवा. उरण. हळदीचे धवले. घरी बसून ऐकले व उतरवले.

तिने टाइप केली. सेव्ह केली.

"झालं," म्हणाली.

"नाय झालं. बंद कर. परत उघड."

उघडली. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. का. शी. बा. ई.

मॅडम, पोस्ट दिसली तर घरी या. चष्मा घेऊन या.

सर, वाचलं. बरोबर आहे.

बाकीची पण वाचते मी. तुम्ही निजा आता.